मुकादम गेला, आता एक

९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. आधी 'माफ कर' असं लिहिलं होतं, पण ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं, म्हणून कागद बदलला.

तू बरा आहेस ना, असं विचारणार नाही, कारण ते मला माहीत असतं. आई दर रविवारी तुला फोन करते तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घेते, आणि मी बाहेरच्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधत बसते. माझे बूट रबरी आहेत, त्यांना नाड्या नाहीत. हे आईलाही माहीत आहे. तेव्हा तू पार्सलच्या गोदामात आहेस, खोकी उचलून पाठ धरते, आणि वरच्या मजल्यावरची खोली सोडून तळमजल्यावर आलास, एवढं मला दाराच्या फटीतून कळलेलं आहे.

इकडचं सांगते. कळप सहाशे बारा. लोकरीचं काम वेळेत झालं. तू गेल्यावर खुरं सडण्याच्या रोगाशी मी कशी लढले ते तुला आईने सांगितलं असेल, किंवा तू विषय बदलला असशील. कळपाचे दोन भाग केले, आजारी आणि स्वच्छ. एकेक जनावर लोखंडी चौकटीत पाठीवर टेकवून (तिला आपण अजून न्हाव्याची खुर्चीच म्हणतो) चारही पाय बघितले. झिंक सल्फेटच्या हौदातून चालवलं. प्रत्येक कुरण पंधरा दिवस रिकामं ठेवलं, कारण तो जंतू मातीत त्याहून जास्त टिकत नाही, त्याचं घर खुरातच. दोनदा सापडलेलं किंवा हाडापर्यंत सडलेलं जनावर कत्तलखान्याला. शेडच्या दारावर मी रंगाने लिहून ठेवलं आहे: न पाहिलेला पाय म्हणजे सडका पाय. पहिली दोन वर्षं रोग पुन्हा पुन्हा डोकं वर काढायचा. मग दोन वर्षं एकही लंगडं जनावर नव्हतं. मेंढपाळ संघाच्या सभेत माझा सत्कारही झाला. तो भाग सोडून देते.

सप्टेंबरात दहा दिवस पाऊस लागला, आणि गेल्या आठवड्यात नऊ मेंढ्या लंगडायला लागल्या. नऊही स्वच्छ गटातल्या. बाहेरून एक जनावर आणलेलं नाही. कुंपण धड आहे. मी आणि मेंढपाळ काकांनी तीन दिवस सगळा कळप खुर्चीत बसवला.

आपले जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत, तिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या. परवा सकाळी आम्ही कळप कुरणात सोडत होतो तेव्हा त्या फाटकाला टेकून उभ्या होत्या. शेवटची मेंढी गेल्यावर म्हणाल्या, "सगळ्यांचे पाय बघितलेत?"

"सहाशे बारा जनावरं," मी म्हटलं. "चोवीसशे अठ्ठेचाळीस पाय. वहीत खुणा आहेत."

"शेडमधल्या नऊ धरून मी आत्ता सहाशे तेरा मोजली."

काका हसले. "बाई, तुम्ही मुकादमालाही धरलंत. तो नाही धरायचा."

"का? त्याला पाय नाहीत?"

तुला माहीत आहे, काका फाटकाशी कसे मोजतात. पुढे आपला म्होरक्या मेंढा मुकादम, गळ्यातली घंटा वाजवत. तो बाहेर पडला की काका काठी टेकून म्हणतात, "मुकादम गेला, आता एक." त्याच्यामागून येणारी पहिली मेंढी एक. पंधरा वर्षं आपण असंच मोजतो. बाबाही त्यांच्या वेळच्या म्होरक्याला सोडून असंच मोजायचे.

"तो स्टाफ आहे," मी म्हटलं. गमतीने म्हटलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मग आज स्टाफची तपासणी करू," म्हणाल्या.

मुकादम खुर्चीजवळ आला आणि नेहमीसारखा बाजूला उभा राहिला, दुसऱ्याला बसवणार आहेत अशा समजुतीने. त्याला उलटा करायला आम्ही तिघं लागलो. त्याला ते ठाऊकच नव्हतं. पुढचे दोन पाय छान. मागचा डावा छान. "लंगडत नाही तो," मी म्हणत होते, "कधीच लंगडला नाही." हे मी तीनदा म्हटलं, असं काका नंतर म्हणाले.

मागचा उजवा. बाहेरून खूर जरा वाढलेलं, एवढंच. बाईंनी आतल्या बाजूने टोक उचललं तर कडक भाग बुटाच्या निघालेल्या तळासारखा वर आला. आत राखाडी लगदा.

वासाबद्दल तुला काय लिहू. तो वास ओळखायला मला तूच शिकवलंस.

काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

ताई


१२ ऑक्टोबर

धाकट्या,

वरचं पत्र पाठवलेलं नाही. टपालपेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. त्यात मी एकही खोटी गोष्ट लिहिलेली नाही, पण जिथे थांबले तिथे थांबणं हीच लबाडी आहे. पुढचं लिहिते.

मला काही होत नाहीये, हेच चमत्कारिक वाटतं. हात चालतात. त्या दिवशी मी चहा केला, ओतून दिला, पुन्हा केला. आई म्हणाली, "कुणी आलंय का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग कुणासाठी चाललंय?" पाण्यात पडल्यावर कानांना जसं होतं तसं पाच दिवस होतंय. माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण लांबून.

टेबलावर कागद पसरून मुकादमाचं काम काय काय, ते एकाखाली एक लिहिलं. नंतर तो कागद वाचवेना.

आजारी गटाला औषधाच्या हौदाकडे नेतो कोण? मुकादम. स्वच्छ गटाला नव्या, पंधरा दिवस राखलेल्या कुरणात नेतो कोण? मुकादम. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. माणसांचे बूट मी दोन्ही फाटकांवर धुऊन घेत होते. काकांचे, माझे, आईने कधी चुकून पाऊल टाकलं तर आईचेही. मधून तो चालत जायचा.

आणि हौद. जनावर औषधाच्या पाण्यात पाय घालत नाही, समोर आपलं कुणीतरी उभं दिसलं तरच घालतं. म्हणून मुकादमाला बाजूच्या छोट्या दारातून पलीकडे नेऊन उभं करायचं, पुढ्यात मूठभर दाणे. ही युक्ती माझीच. सहाशे बारा जनावरं चार वर्षं त्या पाण्यातून गेली, आणि ज्याच्याकडे बघत गेली त्याचे पाय कोरडे होते.

त्याच्या कानाला बिल्ला नाही. कोकरू असताना कुंपणात अडकून तुटला, मी दुसरा लावला नाही. बाबा गेले त्या वर्षी तो स्वयंपाकघरात खोक्यात वाढला, बाटलीने दूध पाजून. स्वयंपाकघरातल्या माणसाला कोण बिल्ला लावतं? वही बिल्ल्याच्या क्रमांकांवर चालते. बिल्ला नाही, म्हणून ओळ नाही. ओळ नाही, म्हणून पाय नाहीत.

तुझे अकरा नर आठवतात. विसरले होते असं नाही. तू लिलावातून आणलेस, चार आठवडे वेगळे ठेवायचे ते दोनच आठवडे ठेवलेस, आणि त्यानंतर आठ दिवसांत कळप लंगडायला लागला. मी सगळ्यांसमोर म्हटलं की तू रोग विकत आणलास. तू म्हणालास, "दोन आठवड्यांची चूक माझी. रोग माझा नाही." मी म्हटलं, "रोग काय आकाशातून पडला?"

ते नर लिलावातून आले त्या दिवशी त्यांना वेगळ्या कुरणात घेऊन कोण गेलं होतं, हे मी परवापर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं. आणि नंतर त्यांना लॉरीत चढवलं तेव्हाही फळीवरून पुढे तोच होता. चढून, बाजूच्या लहान दाराने उतरून आला, दाणे खाल्ले. तू त्या वेळी शेडमध्ये पाठ करून उभा होतास.

आता मला हेही लिहायला हवं की मी अजून माझी बाजू शोधते आहे. मुकादमाला रोग तुझ्या नरांकडून लागला असेल, असंही असू शकतं. तेव्हा लागला आणि खुराच्या आत लपून राहिला. काल दिवसभर मी हा विचार उराशी धरून फिरत होते. अंगावर गरम शाल घ्यावी तसा. असं मला वाटावं, याची मला लाज वाटते. पण वाटतं.

मुकादमाला कोकरांच्या कोरड्या खोलीत ठेवलं आहे. खाली स्वच्छ पेंढा, रोज इंजेक्शन, पायाला औषध. आज डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तो पाय बघितला आणि विचारलं, "किती दिवस ठेवणार?"

"बरा होईपर्यंत."

"आतलं हाड धरलंय, ताई. तुमचा नियम काय आहे?" असं म्हणून त्यांनी शेडच्या दाराकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुझ्या नरांना मी किती दिवस दिले होते? मला बारा आठवत होते. कत्तलखान्याची जुनी पावती काढली. पाच.

जेवताना आईने पेंढ्याचा विषय काढला. "खोली छान केलीस त्याला," म्हणाली. "कोरडी आहे."

"हो."

"तुझ्या भावाच्या खोलीत ओल आहे म्हणे. तळमजला ना."

एवढं बोलून ती ताट धुवायला गेली.

ताई


१६ ऑक्टोबर

धाकट्या,

प्रयोगशाळेचा निकाल आला: तोच रोग, जहाल प्रकारचा, आणि जुना. किती जुना, हे त्यांना सांगता येत नाही. मी फोनवर दोनदा विचारलं. "चार वर्षं दोन महिने की चार वर्षं तीन महिने, असं काही कळेल का?" पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, हे खूर आहे, रेल्वेचं वेळापत्रक नाही."

मग मला आपली जुनी वही आठवली, तुझ्या वेळची. ती इथे नाही. तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मीच ती संघाच्या कार्यालयात जमा केली होती. तिच्यात तारखा असतील, म्हणून आज गेले. खरं सांगायचं तर तारखा माझ्या बाजूने निघतील अशी आशा होती. शाल अजून अंगावर होती.

कार्यालय तसंच आहे. लोखंडी कपाटं, भिंतीवर निवडक नरांचे फोटो, माणसांचे कमी. सूचनाफलकावर काचेमागे तो कागद अजून आहे: सभासदांनी पुढील व्यक्तीस कळपावर कामास ठेवू नये. उन्हाने पिवळा पडलाय. तुझं नाव मात्र ठळक आहे, कारण ते मी माझ्या अर्जात ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि त्यांनी तसंच उतरवून घेतलं.

कारकून म्हणाले, "ताई, या कपाटातले कागद फक्त आत जातात. बाहेर काढायचा अनुभव मला नाही." पण काढला त्यांनी. धूळ झटकून फाइल पुढे ठेवली. वही आणि वर चौकशीचा वृत्तांत, टाइप केलेला. तो मी पूर्वी वाचला नव्हता. आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असतं, अशी माझी समजूत.

त्यातलं जसंच्या तसं उतरवते.

'भाऊ: मी ताईला आधीच सांगितलं होतं की आपल्याच कळपात एका पायाला वास येतोय. नर येण्याच्या आधी.

अध्यक्ष: हे खरं आहे का?

बहीण: नाही. मला असं काही सांगितलेलं नाही. मी रोज डायरी लिहिते. सांगितलं असतं तर तिच्यात असतं.

अध्यक्ष: भावाला काही म्हणायचं आहे?

भाऊ: ताईला आठवत नसेल.

सभेने बहिणीचे म्हणणे ग्राह्य धरले.'

एवढंच. सहा ओळी. तू तिथे अडून बसला नाहीस. 'आठवत नसेल' म्हणालास. खोटं बोलते असं म्हणाला नाहीस.

मी कारकुनांना विचारलं, "त्या दिवशी कुणी माझी डायरी मागितली होती का?"

"तुमची?" ते म्हणाले. "ताई, तुमचा शब्द म्हणजे झालंच की. तुम्ही तर आम्हाला पावतीवरच्या तारखा सुधारून देता."

वहीची पुढची पानं मला पाठ आहेत. बिल्ले, पाय, खुणा, माझं अक्षर. मागच्या पानांवर तू आकडेमोड करायचास, खुंट किती, तार किती, मला आवडायचं नाही ते. म्हणून ती पानं मी कधी उलटली नव्हती. कमिटीनेही उलटली नसावीत. शेवटून तिसऱ्या पानावर तारेचा हिशेब आहे, आणि त्याखाली पेन्सिलने:

'३० जुलै. मुकादम, मागचा उजवा, आत वास. लवकर धरलं तर बरा होईल. नर येण्याआधी बघून घेणे. उद्या ताईला सांगणे.'

नर आले सात ऑगस्टला.

कारकुनांनी पाणी आणून दिलं. मी उभीच होते. "बसा," ते म्हणाले. मी बसले. "काही सापडलं का?" मी म्हटलं, "तारीख." ते म्हणाले, "चला, खेप वाया गेली नाही."

ताई


१७ ऑक्टोबर, सकाळ

धाकट्या,

काल घरी आल्यावर डायरी उघडली नाही. पाय दुखत होते, असं मी स्वतःला सांगितलं. पाय दुखत नव्हते.

आज उठल्यावर उघडली. बाबा गेल्यापासूनच्या सगळ्या वर्षांच्या डायऱ्या माझ्या कपाटात ओळीने आहेत, तुला माहीतच आहे. तू त्यांना 'ताईचं सर्वोच्च न्यायालय' म्हणायचास. ते वर्ष काढलं. ३१ जुलै.

'सकाळी वजनं केली. ऊन. धाकटा मुकादमाच्या मागच्या पायाचं काहीतरी सांगत होता, वास येतो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या पायांचाही येतो. खूप हसलो. दुपारी नरांसाठी कुंपण दुरुस्त केलं. डोकं दुखत होतं, लवकर झोपले.'

माझं अक्षर आहे. निळी शाई, तीच.

मी हे वाक्य किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. मला तो दिवस आठवत नाही, धाकट्या. ऊन आठवत नाही, तू काय घातलं होतंस ते आठवत नाही, हसलेलं आठवत नाही. तू सांगितलंस, मी ऐकलं, लिहून ठेवलं, आणि तेच माझ्याकडून पुसलं गेलं. मग दहा आठवड्यांनी माणसांनी भरलेल्या खोलीत उभं राहून मी म्हटलं, असतं तर माझ्या डायरीत असतं. ते खरं होतं. ते डायरीत होतं.

मी खोटं बोलले नाही, असं लिहायला गेले आणि पेन थांबलं. जो माणूस न बघता शपथ घेतो तो काय करतो? शेडच्या दारावर कोणी लिहिलंय ते?

तू पुन्हा का सांगितलं नाहीस, हेही मनात आलं. आठ दिवस होते. लिहून टाकते, कारण मनात आलंच. मग वाटलं, 'मुकादमाच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याला खुर्चीत बसवायचं नाही, तो बिथरेल,' हे घरात कोण म्हणत होतं. तू एकदा सांगितलंस आणि मी तुझ्या पायांवर विनोद केला. दुसऱ्यांदा काय सांगणार होतास?

पान दोन बोटांत धरून मी थोडा वेळ बसले होते. ते का धरलं होतं, हे तुला कळेल. फाडलेलं नाही. कडेला बोटांचा डाग पडलाय.

काकांना सांगितलं. ते खुराचा चाकू पुसत होते. तुझाच चाकू आहे तो, खिळ्यावर राहिलेला, धार अजून टिकून आहे. त्यांनी पातं उलटून दुसरी बाजू पुसली. मग म्हणाले, "ताई, मीपण पंधरा वर्षं फाटकाशी उभाच होतो. पहिला आकडा मीच गिळत होतो."

"तुम्हाला धाकट्याने सांगितलं होतं का?"

"सांगितलं. मी म्हटलं, ताईंना विचारल्याशिवाय त्याला उलटा करणार नाही. माझी नोकरी खाशील काय, म्हटलं." चाकू त्यांनी खिळ्याला लावला. "तो म्हणाला, मग मी विचारतो."

तू विचारलं होतंस.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

हे शेवटचं. पाचही एका पाकिटात घालून आज पाठवते आहे.

काल लॉरी आली. सापडलेल्या नवांपैकी सात औषधाला दाद देतायत, त्या कोरड्या शेडमध्ये आहेत. दोन जुन्या मेंढ्या आणि मुकादम जायचे होते. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की आणखी दोन आठवडे ठेवून बघावं का. त्या म्हणाल्या, "ठेवू शकता. तुमचं जनावर आहे." मग जाताना गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "सहाशे बारा दुसरीही तुमचीच आहेत." रात्री विचार केला नाही. विचार झालेला होता. तुझ्या नरांना पाच दिवस देऊन मी त्याला अकरा दिवस दिले होते, एवढ्यावरूनच माझं पारडं कुणीकडे झुकतं ते कळलं.

दोन मेंढ्या फळीवर चढेनात. ड्रायव्हर घाईत. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली असेन, कारण काकांनी मुकादमाला सोडलं. तो घंटा वाजवत नेहमीसारखा चढला, मेंढ्या त्याच्यामागून गेल्या. आत जाऊन तो वळला आणि बाजूच्या लहान दाराशी उभा राहिला. नाक फटीला लावून. ते दार मी नेहमी उघडते.

ड्रायव्हर म्हणाला, "हा उतरायचाय का?"

"नाही," मी म्हटलं.

लॉरी वळेपर्यंत घंटा वाजत होती. घंटा काढून घ्यायला हवी होती. ते सुचलंच नाही.

आज सकाळी कळप हौदातून न्यायचा होता. पुढे कोणी नाही. पहिली मेंढी पाण्यात पाय घालायला पाऊण तास लागला. काका पाण्यात उभे राहून तिला ओढत होते, मी मागून ढकलत होते, दोघंही कमरेपर्यंत भिजलो. आई कठड्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमचे पाय तरी स्वच्छ होतील."

फाटकाशी काका काठी टेकून उभे राहिले. तीच पहिली मेंढी बाहेर आली. त्यांचं तोंड सवयीने उघडलं आणि तसंच राहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला काय म्हणू?"

"एक," मी म्हटलं.

सहाशे तीन भरली. सात शेडमध्ये, दोन गेल्या. मग मी काकांना म्हटलं, आणि एक गेला. तिघं गेले असं लिहा.

परत ये, असं मी लिहिणार नाही. तेही हुकूमच होईल, आणि कुठल्या तोंडाने. संघाचा कागद काचेमागून निघाला की तू कुठल्याही कळपावर काम करू शकशील, आमच्याच असं नाही. लांबचा बघितलास तर मला कळेल. आई दार लावून बोलेल, मी नाड्या बांधत बसेन. चार वर्षं खोक्यांखाली गेली ती कुठलाही कागद परत देणार नाही, हे मला कळतं. कळतं असं म्हणते. किती कळतं ते माहीत नाही.

उद्या अकराला संघाची वार्षिक सभा आहे. अध्यक्षांना फोनवर थोडं सांगितलं. ते म्हणाले, "झालं गेलं, ताई. एक अर्ज द्या, आम्ही तो कागद गुपचूप काढून टाकू. तुमचं नाव कशाला उगाच."

मी म्हटलं, लावताना गुपचूप लावला नव्हता.

मग ते म्हणाले, फारच वाटत असेल तर त्या पानाची झेरॉक्स जोडा. झेरॉक्स काढायला मी दुकानापर्यंत गेलेही. बोटांचा डाग झेरॉक्समध्ये येत नाही. आणि एकच पान दिलं तर बाकीची मी पुन्हा माझ्या ताब्यात ठेवली, असं झालं. त्या वर्षात बरंच काही आहे. तुझ्याबद्दल सप्टेंबरात लिहिलेलं आहे, ते तू वाचू नयेस असं वाटतं. अध्यक्षांच्या कवळीबद्दलही एक परिच्छेद आहे. वाचू देत.

तुझी पेन्सिलची ओळ वहीत तशीच आहे. तू 'उद्या ताईला सांगणे' लिहिलंस आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंस. तेवढंच मला शिकता आलं तर बघते.

उद्या: डायरी सभेत वाचून तिथेच जमा करणे. मूळ.

ताई